नटीची जन्मवेळ

त्या नटीची जन्मवेळ मी मनानं लिहिली होती. ही गोष्ट त्या काळात फक्त मला माहीत होती.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर आमच्या साप्ताहिकाच्या दोन खोल्या होत्या. प्रुफं तपासायची, लेख गोळा करायचे, लेखकांच्या मागे लागायचं, हे माझं काम. घराघरात टीव्ही आले होते आणि लोकांना नटनट्या शेजारपाजारच्या वाटायला लागल्या होत्या. संपादक म्हणाले, "राशिभविष्य सगळेच छापतात. आपण नटनट्यांच्या पत्रिका छापू."

ते लिहायला डोंबिवलीचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक मिळाले. सगळे त्यांना सर म्हणत. सर फक्त नटांबद्दल लिहीत नसत, काळाबद्दलही लिहीत. राहू म्हणजे छाया, पडदा, झगमगाट; राहूचं बळ वाढलं की माणसं खऱ्यापेक्षा पडद्यावरच्याला मानतात, मुली घराबाहेर पडतात, संसार पातळ होतात, असं त्यांचं म्हणणं. वाचकांना ते फार आवडायचं. पत्रं यायची.

त्या वर्षी दिवाळी अंकासाठी संपादकांना एका नुकत्याच लग्न झालेल्या नटीची पत्रिका हवी होती. तिची जन्मतारीख सिनेमासिकात छापून आलेली होती, पण वेळ कुणालाच माहीत नव्हती. सर ठाम होते. "वेळेशिवाय लग्नरास कळत नाही. वेळ नाही, तर लेख नाही." मी चार ठिकाणी फोन केले. काही हाती लागलं नाही. अंक छापायला जायला दोन दिवस उरले तेव्हा संपादक माझ्यावर ओरडले, "अगं, एवढंसं काम होत नाही तुझ्याच्यानं?" मी एका चिठ्ठीवर लिहिलं, सकाळी सहा दहा. ती माझी स्वतःची जन्मवेळ होती. खोटं लिहायला बसलं की माणसाला आपलंच काहीतरी आठवतं. सरांना सांगितलं, नटीच्या केशभूषाकारिणीकडून मिळाली.

लेख आला. सप्तमात शनी, त्यावर मंगळाची दृष्टी, संसार फार टिकणार नाही. आणि शेवटी एक वाक्य: 'ज्या मुलींची हीच ग्रहस्थिती आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सावध राहावे.' मी प्रूफ तपासलं. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि दिलं.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी एक मुलगी जिना चढून आली. तेवीस-चोवीस वर्षांची, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात आमचा अंक गुंडाळलेला. ती कोपरला राहायची, ठाण्यात विम्याच्या ऑफिसात नोकरी करायची.

"हे कोणी लिहिलंय?"

मी नाव सांगितलं. म्हटलं, "का? काय झालं?"

"माझी जन्मतारीख हीच आहे. सालही हेच. वेळ सव्वासहा." ती उभीच होती. "मार्गशीर्षात माझं लग्न आहे. लग्नपत्रिका छापून झाल्यात. परवा ठाकुर्लीहून मुलाचे वडील आले आणि हे पान आमच्या बाबांसमोर ठेवलं. म्हणाले, आम्हाला विचार करावा लागेल."

"पण पत्रिका जुळवल्या असतील ना आधी?"

"जुळवल्या. बत्तीस गुण. पण आता छापून आलंय ना ताई. आमच्या गुरुजींचं तोंडी होतं."

तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "मी सरांशी बोलते." ती गेल्यावर किती तरी वेळ मी समोरच्या एकाच प्रुफाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला सरांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे सहा दहा कुणाची वेळ?"

"माझी."

"आणि त्या मुलीची खरी?"

"सव्वासहा. पत्रिकेत लिहिलेली आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "रविवारी ठाकुर्लीला जाऊ. तू यायचंस आणि हे तुझ्या तोंडानं सांगायचंस."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी कळवलं होतं म्हणून ती मुलगीही आली. तिच्या आईनं नको म्हटलेलं, तरी आली. खोलीत मुलाचे वडील खुर्चीवर, मुलगा खिडकीजवळ स्टुलावर, मुलाची आई आतल्या दारात. चहा आला, कुणी कपाला हात लावला नाही. मी जे केलं ते सांगितलं. वाटलं, आता हे गृहस्थ मला नाही नाही ते बोलतील, आणि मी सुटेन एकदाची.

ते माझ्याकडे बघतही नव्हते. सरांकडे बघत होते.

"मास्तर, या बाईंनी वेळ खोटी दिली. बरं. म्हणजे ती पत्रिका नटीची नाही. पण त्याच तारखेची, त्या वेळेची पत्रिका कुणाची आहे मग?" त्यांनी मुलीकडे बोट केलं. "हिची. हिची वेळ तर खरी आहे ना? लग्नरास दोन तास बदलत नाही, हे तुम्हीच अंकात लिहिता. मग तुम्ही नटीचं नाही, हिचंच भविष्य लिहिलंत."

याचा मी विचारच केला नव्हता. सरांनी केला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. चाळीस वर्षं या माणसानं पंचांग उशाशी ठेवलं होतं. आतल्या दारातली बाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"मी ते ग्रह बघून लिहिलं नाही," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"नटीबद्दल सिनेमासिकात आलेलं वाचलं. नवऱ्याशी आत्ताच पटेनासं झालंय, वेगळी राहते, वगैरे. आधी तो निष्कर्ष धरला आणि मग त्याला ग्रह लावले. सप्तमात शनी असून पन्नास वर्षं संसार केलेली माणसं मला माहीत आहेत. ते मी लिहिलं नाही. ते कुणी वाचलं नसतं."

मग ती मुलगी खिडकीकडे वळली आणि मुलाला म्हणाली, "तुला काय वाटतं?"

त्यानं वडिलांकडे पाहिलं. तिनं थांबून वाट पाहिली. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. वडील म्हणाले, "विचार करून कळवतो."

चार दिवसांनी मुलीच्या घरी त्यांचा निरोप गेला: शनीची शांत करून घ्या, लग्न ठरल्या मुहूर्तावर करू. घरात आनंदीआनंद झाला, आणि मुलीनं नाही म्हणून सांगितलं. तिची आई आमच्या ऑफिसात येऊन माझ्यावर तोंडसुख घेऊन गेली. मी ऐकून घेतलं. तिचं काही चूक नव्हतं. सरांनी सदर बंद केलं. संपादकांना मी कारण सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आता हे बाहेर बोलू नकोस." महिन्याभरात मी नोकरी सोडली आणि शाळेत लागले.

मग नव्वदचं दशक आलं, घराघरात केबल आली, आणि त्या नटीचा घटस्फोट झाला. साप्ताहिकानं चौकट छापली, 'आमचे भाकीत खरे ठरले.' सर तोवर वारले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नौपाड्यात भाजी घेताना कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला. तीच. बरोबर तीन-एक वर्षांची मुलगी. तिनं ऑफिसातल्याच एकाशी लग्न केलं होतं, पत्रिका न बघता. बरं चाललं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं आवाज खाली आणला.

"ताई, एक विचारू? चौकट वाचली मी. सर त्या दिवशी खरं बोलले, की मला वाचवायला खोटं बोलले?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही.

"खरं बोलले," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "येते. हे घरी वाट बघत असतील."