मातीचं चाक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, लेकरं ओढतात तो आमचा चाकांचा बैल लाकडाचा, बापानं भंडाऱ्याहून आणलेला. इथं भिलाईत सारे मातीचे नांदिया बैल पुजतात, पण मी आजवर एकही घरात येऊ दिला नाही. यंदा ऐन पोळ्याच्या दुपारी आमच्या बैलाचं एक चाक फुटलं. नात रडकुंडीले आली. "आजोबा, कल अपना बैल नहीं चलेगा?"

जिंदगीभर प्लांटमधी फिटर होतो मी, पण लाकडाचं चाक एका दिवसात कुठून आणू?

जवळच्या बोरसीच्या बाजारात एक कुंभारीण बसली होती. गिऱ्हाइकाच्या हाती बैल देण्याआधी ती पदरानं त्याचं तोंड पुसत होती, जसं लेकराचं पुसावं.

मी म्हटलं, "बैल नको, फक्त चाक दे. आमच्यात मातीचा बैल चालत नाही."

ती हसली. "माटी के बइला नइ चले, अउ माटी के चक्का चलही, बबा?"

मी पिशवीतून आमचा बैल काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं आपल्या सगळ्यात देखण्या बैलाचं चाक काढून माझ्या बैलाले बसवून दिलं.

"आता तुझा हा कोण घेईल?" मी विचारलं.

तिनं तो तीन चाकांचा बैल मांडीशी टेकवून ठेवला. "आज तो बइला के छुट्टी हे. बइठे रइही."

दुसऱ्या दिवशी आमचा बैल डुगडुगत का होईना, गल्लीभर फिरला. पण त्याआधी पूजेत पहिला टिळा मी त्या मातीच्या चाकाले लावला. घरात कोणी, असं कावून केलं म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.