रेघेच्या जागी टिंब

अपूर्णांकाची रेघ पुसून तिथं टिंब दिलं की झाला दशांश, असं मी माझ्या लेकीला, सुमीला शिकवलं होतं. म्हणजे एक छेद दोनचे एक पॉइंट दोन!

आज नातवानं संत्रं सोललं आणि त्या वासासरशी सौंसरची शाळा आठवली. सुमीला गणितात भोपळा मिळाला म्हणून ही मॅट्रिक पास बाई, म्हणजे मीच, पदर खोचून भांडायला गेली होती. गुरुजींनी डब्यातल्या संत्र्याचा अर्धा भाग माझ्या हातावर ठेवला.

"बाई, हे एकापेक्षा जास्त आहे का?"

रस मनगटापर्यंत ओघळला, तरी हात तसाच पुढे.

वाटेत सुमीला विचारलं, "तुले तरी शंका नाही आली का व?"

"मले मालूम होतं, आई. पण तू इतकी खुश होऊन शिकवून राहिली होती."