हळदीत अडकलेल्या मधमाश्या

जगातली प्रत्येक सपाट वस्तू उभी राहायला तळमळत असते, असं मानणारा माणूस उभ्या रायपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्याकडे जेवायला आले की हे पोळीला आधी घड्या घालतात, मग खातात. एकदा माझ्या विजेच्या बिलाचा त्यांनी बगळा केला. तो इतका देखणा झाला की मोडवेना. वीज कापायला माणूस आला तेव्हा मी त्याला बगळाच दाखवला.

बूढापाऱ्यात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. पत्रिका उघडली की आत कागदी मांडव उभा राहायचा. आता आमंत्रणं मोबाइलवर येतात, आणि मांडव कापणारं त्यांचं जुनं मशीन भनपुरीच्या भंगारात जायच्या बेतात होतं. ते वाचवायला साडूंनी उडते रोबो काढले. नखाएवढ्या मधमाश्या! कागद-प्लॅस्टिकचे पापुद्रे चिकटवायचे, एका दाबात तावभर माश्या कापायच्या, वरची पट्टी ओढली की सगळ्या एकदम उभ्या. केसासारख्या तारेतून वीज सोडली की पंख फडफडत.

"एकेक माशी कोण जोडत बसन, भाऊ? पत्रिकेसारख्या काढाच्या!"

"पण उडतात का?"

"काल उडली ना एक, वीतभर! तू काहून नाही आला?"

मी कायम दुसऱ्या दिवशीच पोचतो.

शेवटी नवा रायपूरच्या एका कंपनीचे साहेब बघायला आले. त्यांना पटलं तर मशीन राहणार होतं. रविवारची झोप मोडून मीही गेलो. साडूंनी पट्टी ओढली. ती अर्ध्यावर अडकली. जोर लावला, तर ताव टरकन फाटला. चारही कोपऱ्यांना हळदीची ओली बोटं, त्यांनी पापुद्रे चिकटलेले!

"अंकल, ये क्या लगा दिया?"

"शगुन है सर. पहली पत्रिका में लगाते ही हैं."

साहेब हसले, चहा प्यायले, "बताते हैं" म्हणाले आणि गेले.

"नुसतं कुंकू लावाचं होतं," माझी मेहुणी म्हणाली. "कोरडं असते."

मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं, तेव्हा साडूंनी त्यालाही हळदीचं बोट लावलं.

त्या तावातली एक धड माशी आमच्या टीव्हीवर आहे. पंखा लावला की तिचे पंख किंचित हलतात. साडू येतात, चहा थंड होईतो तिच्याकडे बघत बसतात. म्हणून ते आले की भर थंडीतही आमच्याकडे पंखा चालू असतो, आणि मी शाल पांघरून बसतो.