नावाड्याचा सिनेमा आणि नारळाचा सिनेमा

लग्न होऊन मी माहीमहून लालबागला आले, तेव्हा सासऱ्यांशी बोलायचं काय, हा माझ्यापुढचा मोठा प्रश्न होता. नवरा बोटीवर नोकरीला. एकदा गेला की महिनोन्महिने घरी नाही. माझं काम विम्याच्या कंपनीत, त्यातले निम्मे दिवस घरूनच. सासूबाईंशी पहिल्याच आठवड्यात सूत जमलं. त्यांना बोलायला विषय लागत नाही. सासरे मात्र सकाळी पेपर घेऊन खिडकीत बसायचे. चाळ पाडून तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं आमचं घर बऱ्याच वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून पार शिवडीच्या बंदरापर्यंत दिसतं. ते बंदराकडे बघायचे, अधूनमधून पान उलटायचे आणि मला एवढंच विचारायचे, “चहा झाला का गं?”

आमची खरी ओळख झाली ती एका शनिवारी दुपारी. मी कपड्यांच्या घड्या घालत टीव्हीवर माझा आवडता सिनेमा लावला होता. लहानपणी माहीमला माझ्या दोन मावश्या आणि मी हा सिनेमा केबलवर लागला की हातातलं काम टाकून बघायचो. नायिकेच्या डोक्यात नारळ पडतो आणि ती सगळं विसरते. नवरा, मूल, स्वतःचं नावसुद्धा. मग दोन तास गाणी, मारामाऱ्या, खोटा साधू, आणि शेवटी दुसरा नारळ पडतो आणि तिला सगळं आठवतं. या सिनेमाला चांगला म्हणण्याची सोय नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दुसरा नारळ पडला की माझ्या डोळ्यांत पाणी येतंच.

पहिला नारळ पडला आणि मागून आवाज आला, “हा नारळ कुठून पडला?”

सासरे कधी येऊन उभे राहिले, मला कळलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रिमोट शोधायला लागले.

“बंद नको करू. मागे घे जरा.”

मी मागे घेतलं. ते टीव्हीच्या जवळ गेले, चष्मा सारखा केला.

“अगं, ही पोफळ आहे. सुपारीचं झाड. पोफळीवरून नारळ पडतोय!”

मी पाहिलं. खरंच पोफळ होती. बारीक, सरळसोट, वर सुपाऱ्यांचे घोस लटकलेले. एवढी वर्षं मी आणि माझ्या मावश्या त्या झाडाखाली रडत होतो, आणि एकीलाही ते दिसलं नव्हतं. मी हसायला लागले ते थांबेचना. सासरेही हसले. त्यांचं गाव मालवणच्या बाजूला, वाडीत नारळी-पोफळी दोन्ही, त्यामुळे त्यांना तो अपमान घरचाच वाटला.

“आणि नारळ डोक्यात पडला तर माणूस जातो,” ते म्हणाले. “नुसती आठवण जात नाही.”

“बाबा, पण मग सिनेमा तिथेच संपला असता.”

“फार बरं झालं असतं,” म्हणाले, आणि खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसले.

तेव्हापासून शनिवारची दुपार आमची झाली. एक शनिवार त्यांच्या पसंतीचा सिनेमा, एक माझ्या. ते तरुणपणी गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. गिरणी बंद पडल्यावर पुढे एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले. त्याच काळात दादरला सिनेमाचं एक मंडळ होतं, तिथे जाऊन त्यांनी देशोदेशीचे सिनेमे पाहिले होते. माझ्या सिनेमांतल्या चुका काढण्यात त्यांना फार आनंद. नायक पावसात भिजून घरात येतो तो कोरडा. गावच्या पाटलाच्या वाड्यात भिंतीवर एसीचं भोक. मीही हळूहळू तयार झाले. त्यांच्या सिनेमात एखादी बाई खिडकीत बसून फारच वेळ बाहेर बघत राहिली, की मी विचारायची, “बाबा, हिच्या घरी स्वयंपाक कोण करतं?”

सासूबाई आतून म्हणायच्या, “बरा इचारलंस!”

त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा मात्र ते बरेच दिवस दाखवत नव्हते. “तयारी लागते,” म्हणायचे. शेवटी एका शनिवारी लावला. कृष्णधवल, लांबलचक. नदीवर पूल होतो आणि नावाड्याची नाव ओस पडते, एवढीच गोष्ट. पहिला तासभर नावाडी बसून असतो. पुलावरून माणसं जातात, तो बघतो. सासरे माझ्याकडे बघत होते, मी टीव्हीकडे. जांभई आली ती मी तोंड मिटूनच दिली.

शेवटाकडे एक म्हातारी येते. तिला पुलावरून जायची भीती वाटते. नावाडी तिला पलीकडे नेतो. वाटेत कोणी काही बोलत नाही, नुसता वल्ह्याचा आवाज. काठ येतो, म्हातारी उतरताना नावाड्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि चालू लागते. सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. आणि त्यांनीच लावलेल्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, हे परत तिथेच आले की.”

“कुठे?”

“निघाले त्याच काठावर. ते बघा ना, चिंचेचं झाड. निघतानाही होतं.”

त्यांनी रिमोट घेतला. मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे गेले. तीच चिंच. तीच वाकडी फांदी, खाली तोच दगड. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “हं. चिंचच आहे.” मग खिडकीत जाऊन बसले.

दोन-तीन दिवस घरात फक्त “चहा झाला का?” एवढंच चाललं. मला कळेना, पोफळीवर एवढे हसलेले बाबा चिंचेवर गप्प का झाले. सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“तेंका लागला असतला,” त्या म्हणाल्या. “गिरण बंद झाली तेवा हे घरात बसान होते. कोणाशी बोलणा नाय, जेवणा नाय. तेवा ह्यो पिच्चर बघून इले आणि त्या दिवशी माझ्याकडे बसान बोलले. सगळा बोलले.” मग माझ्याकडे बघून हसल्या. “तू कित्याक घाबरतंस? चिंच होती ती होती. तू काय ती लावलंस थय?”

पुढच्या रविवारी सकाळी सासरे नेहमीप्रमाणे शिवाजी पार्कला निघाले. दर रविवारी चक्कर मारून झाल्यावर कट्ट्यावर त्यांचे दोन मित्र भेटतात, आणि तिघांची सिनेमावर वादावादी चालते. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, “चल माझ्याबरोबर. तुझ्यावर तक्रार नोंदवायची आहे.” हे त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की मी गुमान ओढणी घेतली आणि निघाले.

कट्ट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि एक दातांचे डॉक्टर. सासऱ्यांनी माझी ओळख करून दिली आणि लगेच म्हणाले, “आपल्या नावाड्याच्या सिनेमात हिने चूक काढली. नाव निघते त्याच काठाला लागते.”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “चूक कसली? मुद्दाम केलंय ते. पूल झाल्यावर नावाड्याला पलीकडचा काठच उरलेला नाही, हा त्याचा अर्थ.”

“काहीतरीच काय बाई,” डॉक्टर म्हणाले. “साधी गोष्ट आहे. पूल दाखवलाय तो दुसऱ्याच गावचा असणार, मग कॅमेरा पलीकडे न्यायला नाव लागली असती. नाव एकच, आणि ती शूटिंगमध्ये!”

मी मोठ्याने हसले. मुख्याध्यापिका उखडल्या. “तुम्हाला प्रत्येक ठिकाणी व्यवहार दिसतो. दिग्दर्शक काय म्हणतोय ते बघत नाही.”

“तो म्हणतोय, लवकर आटपा, ऊन जातंय.”

अर्धा तास दोघं हमरीतुमरीवर. येणारेजाणारे बघत होते. सासरे दोघांच्या मध्ये बसून नुसतं ऐकत होते. मग बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. “तू सांग, तुला काय वाटतं?”

“मला चूकच वाटते,” मी म्हटलं. “आणि खरं सांगू? पहिला तासभर लई लांबवलाय. लोक फार डोक्यावर घेतात त्याला.”

आता बाबा चिडणार, असं वाटलं. ते तळव्यावर तळवा घासत म्हणाले, “चूक आहे. मीसुद्धा गेले काही दिवस तोच विचार करतोय. एवढ्या वेळा पाहिला, मला चिंच दिसली कशी नाही? काल लक्षात आलं. मी काठाकडे बघतच नव्हतो रे. मी त्या म्हातारीचा हात बघत होतो.”

डॉक्टरांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि आधी सासऱ्यांपुढे धरली.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, “तुमचा आवडता सिनेमा कुठला?” मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “सांग की.” मी नारळाचा सांगितला. पोफळीसकट. डॉक्टर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पण हसून झाल्यावर त्यांनी स्वतःच कबूल केलं की त्यांना मारामारीचे सिनेमे लागतात, पत्र्याच्या गोदामात शेवटची फाइट असलेले. “तक्रार एकच. नायक एवढे ठोसे खातो आणि एक दात हलत नाही. मी त्याला पेशंट म्हणून बघत बसतो.” मुख्याध्यापिका आढेवेढे घेत होत्या. शेवटी त्यांनी हळूच सांगितलं, “मला भुताचे आवडतात. अगदी टुकार. मेणबत्तीवाले.”

तिथेच ठरलं, की पुढच्या शनिवारी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. आधी नावाडी, मग नारळ.

त्या दिवशी सासूबाईंनी सकाळपासून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करायला घेतली. मी नारळ खोवत होते, तर म्हणाल्या, “ह्यो नीट धर, डोक्यात पडात.” पाहुणे आले, जेवणं झाली, पडदे ओढले. पहिला तास नेहमीसारखाच गेला. डॉक्टर चक्क घोरले. मुख्याध्यापिकांनी त्यांना दोनदा कोपर मारलं. म्हातारी नावेत बसली आणि सगळे सरसावून बसले. मला काळजी वाटत होती, बाबांचा एवढा जिवाचा प्रसंग, आता लोक हसणार. नाव काठाला लागली आणि सगळ्यात आधी तेच ओरडले, “चिंच!”

मग आम्ही सगळेच ओरडलो. आणि हसण्याच्या त्या गोंगाटात म्हातारीने नावाड्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमचा आवाज आपोआप कमी झाला. मी या वेळी हात बघितला. उतरताना तोल सांभाळायला ठेवलेला, बोटांची नखं तुटलेली, साधा हात. पण ती तो लगेच काढत नाही. तरी पहिल्या तासाबद्दलचं माझं मत बदललं नाही, आणि ते मी सांगितलंही. बाबा म्हणाले, “असू दे. अर्धा तास तुला माफ.”

नारळाच्या सिनेमाआधी चहा झाला. तेव्हा डॉक्टरांनी सासऱ्यांना गाठलं. “आम्ही सगळ्यांनी सांगितलं. आता तुम्ही सांगा, लाज वाटावी असा तुमचा आवडता कुठला?”

“माझं तसलं काही नाही,” सासरे ताठ बसून म्हणाले.

सासूबाई कपबशा घेऊन येत होत्या. त्या तशाच दारात थांबल्या. “नाय? मगे सून आपिसात गेली की दुपारचो तो नारळाचो पिच्चर कोण लावता?”

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“चुका काढायला,” ते म्हणाले.

“दुसरो नारळ पडलो की नाक कोण पुसता?”

त्यांनी रिमोट उचलला आणि सिनेमा लावला. आणि खरं सांगते, तो सिनेमा मी माझ्या मावश्यांबरोबरसुद्धा एवढ्या मजेत पाहिला नव्हता. खोट्या साधूची दाढी एका दृश्यात डावीकडे सरकलेली होती, ती मुख्याध्यापिकांनी पकडली. शेवटच्या मारामारीत डॉक्टरांनी खलनायकाच्या जबड्याचं सविस्तर निदान केलं. सासूबाई सगळ्यांना गप्प करत होत्या, कारण त्यांना गोष्ट ऐकायची होती. दुसरा नारळ पडला तेव्हा मी मुद्दाम बाबांकडे बघितलं नाही.

मंडळी निघाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. सोडायला आम्ही लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्ट आली, डॉक्टर आत गेले आणि तिथून म्हणाले, “काही म्हणा, अभिनय मात्र त्या नायिकेपेक्षा नावाड्याचाच बरा.”

“बरा?” मुख्याध्यापिकांनी लिफ्टच्या दारात पाय घातला. “तो नुसता बसला होता. बसायला काय लागतं?”

“बसणंच कठीण असतं!” सासरे बाहेरून म्हणाले.

“मग मी घोरलो तोही अभिनयच,” डॉक्टर म्हणाले.

लिफ्टचं दार मिटत होतं, पायाला लागून उघडत होतं, आणि खालून कुणीतरी बटण दाबून वैतागलं होतं. सासूबाई घरातून हाक मारत होत्या, की उरलेले घावणे डब्यात घालून द्यायचे राहिलेत, जरा थांबा. कोणी जायच्या बेतात नव्हतंच. मी डबा आणायला आत गेले.