रांगोळीनं घासलेली देवी

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या जयंतला मी वीस वर्षं ओळखतो. त्याला चिडता येत नाही. तो नुसता खचतो, आणि चिडावं लागतं मला.

आठवडाभर आयटीत मान मोडून हा गृहस्थ अकरा वर्षं दर रविवारी, शेतमालकाची परवानगी काढून, मेटल डिटेक्टर घेऊन चिखल तुडवत होता. मिळालं काय, तर बिअरच्या कॅनची झाकणं आणि गंजके खिळे. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातले गोरे पेन्शनर गालात हसायचे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात मात्र रोमन चांदीचं नाणं निघालं, काळंकुट्ट. एका बाजूला सम्राट, दुसरीकडे उभी देवी, हातात तराजू आणि फळांनी भरलेलं शिंग. अशा रोमन देवी दोन, एक न्यायाची, एक टांकसाळीची. कोणती, ते कडेच्या अक्षरांवरून ठरतं. म्युझियमची बाई म्हणाली, मंगळवारी आणा, अक्षरं लागली तर काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव. त्या कार्डावर आडनाव आधी येईल का, हे जयंतनं मला दोनदा विचारलं.

मध्ये लक्ष्मीपूजन आलं. त्याच्या बायकोनं, सुचेतानं, दरवर्षीप्रमाणे निरांजन, करंडा, अत्तरदाणी अशी सगळी चांदी काढून रांगोळीनं खसाखसा घासली. त्यात नाणंही घासलं.

मी फराळाला पोचलो तेव्हा ते चौरंगावर हळदकुंकू लावून बसलं होतं, नव्या बटणासारखं चकचकीत. अक्षरं गेली होती, देवीचं डोकंही. संतापानं माझ्या हातातली चकली मोडली. जयंत कोपऱ्यात खचून बसला होता.

विचारायचं तरी, असं मी सुचेताला म्हणालो. ती रडवेली झाली होती, पण गप्प बसणारी नव्हे.

"कोणाला विचारू? हाच नाचत आला होता घरी, 'सुचेता, रोमन लोकांची लक्ष्मी सापडली' म्हणून. मग लक्ष्मीपूजनाला तिला काळी ठेवू?"

मी मोडलेली चकली तावातावानं खाऊन टाकली.

मंगळवारी म्युझियमच्या बाईनं भिंगातून पाहिलं, मग घासण्याआधीचा फोनमधला फोटो मागितला. त्यात जयंतचा चिखलानं भरलेला अंगठा तेवढा स्पष्ट होता. देवी कोणती ते आता सांगता येणार नाही, ती म्हणाली, कपाटाचं जमणार नाही.

नाणं आता त्यांच्या देवघरात असतं. सुचेतानं त्याच्याखाली सुबक अक्षरात कार्ड लिहून ठेवलंय, 'जयंत यांना सापडली.' तो ऑफिसला निघताना ते कार्ड पालथं घालतो. ती पूजा करताना पुन्हा सुलटं करते.