बटाट्याचा शिक्का

सुदाम गेल्याचं शेलूबाजारहून आलेल्या फोनवर कळलं आणि मला आधी रडू नाही, राग आला. एक गोष्ट त्याला सांगायची राहून गेली होती... आता कुणाला सांगू?

सत्तरच्या दशकात आम्ही तिथल्या शाळेत होतो. एक एप्रिल हा सुदामचा सण. अर्ध्या बटाट्यावर तो 'एप्रिल फूल' ही अक्षरं उलटी कोरायचा आणि शाईत बुडवून पुढच्याच्या सदऱ्यावर ठप्पा मारायचा. नियमही त्याचाच : दुपारी बारापर्यंतच फूल करायचं, नंतर केलं तर करणाराच फूल. एकदा हेडमास्तरांच्या पाठीवर ठप्पा उठला. छड्या खातानाही हा हसतच होता.

मॅट्रिक झाल्यावर मी ती कला त्याच्यावरच उलटवली. अकोल्याच्या एका कचेरीच्या नावानं 'आजच नोकरीच्या मुलाखतीला या' असं खोटं पत्र लिहून, बटाट्याचा गोल शिक्का मारून एक एप्रिलला पहाटेच त्याच्या दारात सरकवलं. बाराच्या आत सांगून टाकणार होतो. पण तो उसना कोट घालून पहिल्या एसटीनं निघूनही गेला होता. त्याच्या घरात मॅट्रिक झालेला तो पहिलाच... कचेरीतल्या लोकांनी हसून परत पाठवलं. कुणी केलं, हे त्यानं विचारलं नाही. मीही बोललो नाही.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला, चहाच्या हॉटेलात बसलो असताना, पोस्टमननं त्याला तसंच पत्र दिलं.

"पुन्हा फूल करून राह्यले मले," म्हणत त्यानं ते भट्टीत टाकलं.

मला तरी कुठं खरं वाटलं? महिन्याभरानं गावातला दुसरा जण त्याच कचेरीत नोकरीला लागला, तेव्हा कळलं की ते पत्र खरं होतं. सुदाम जन्मभर सायकली दुरुस्त करत राहिला. मी कारकून झालो. गावी गेलो की दुकानात बसून सुरुवात करायचो, "सुदाम, ते पत्र..." की तो म्हणायचा, "तो पाना दे बरं इकडं." दरवेळी हेच!

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोला भेटलो. म्हटलं, "वहिनी, ते पहिलं पत्र मी लिहिलं होतं."

"मले माहीत हाये, भाऊजी. लग्न झालं तवाच त्यायनं सांगतलं. म्हने, त्याले कळू देऊ नोको, लाजून येनं बंद करन."

म्हणजे माझी कबुलीही त्यानं ऐकून घेतली नाही. मी चिडून दुकानात शिरलो. भिंतीपाशी एक स्टूल होतं, मी ते ओढलं.

"त्याच्यावर कोनाले बसू देत नव्हते," मागून वहिनी म्हणाल्या. "तुमचं हाये म्हनत."

मी उभाच राहिलो.