दोन संडासांचं घर

लालबागच्या आमच्या चाळीत खोली एक, माणसं चार आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं एकच मागणं: संडास घरात हवा. दागिने नकोत, काश्मीर नको. गुडघे कुरकुरायला लागले तशी मी ते येताजाता ऐकवायला लागले.

हे रिटायर झाले, फंड हातात आला. म्हटलं, आता फ्लॅट! परळला भाव ऐकून ह्यांनी पाणी मागितलं. वडाळ्याला भावावर पार्किंगचे आणखी वेगळे. "अहो, गाडीच नाही आमच्याकडे," हे म्हणाले. "पाहुण्यांना होईल ना," विकणारा म्हणाला. शेवटी पार बदलापूरला एक परवडेलसा सापडला.

तर ह्यांच्या डोक्यात गाव शिरलं. "एवढ्यात कोकणात अख्खं घर होईल गं! पडवी, माजघर, मागे विहीर." सासूबाई म्हणाल्या, "देवाक इचारूया."

गेलो गावी. गुरवानं देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घर बांधू का, ह्यांनी विचारलं. उजवी पडली. मीही काही कमी नाही. पदर खोचून म्हटलं, आता माझंही विचारा, फ्लॅट घेऊ का? तीही उजवीच! देवाचं काय जातंय हो म्हणायला? त्याला थोडंच बादली घेऊन रांगेत उभं राहायचंय!

"दोन्हीला हो म्हणजे नंबरानं," हे म्हणाले. "आधी माझा नंबर." सासूबाईंनी मान डोलावली, विषय संपला.

काम दिलं ह्यांच्या चुलतभावाला, घरचा माणूस म्हणून. घरच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही, हे आम्हाला पाया खणताना कळलं. खाली कातळ लागला, तो फोडायचे वेगळे. चिऱ्यांचा ट्रक वाडीच्या तोंडाशीच अडकला, तिथून चिरे डोक्यावरून आणायचे वेगळे. कौलं घातली तर माकडांनी नाचून फोडली, मग पत्रे. फ्लॅटवाला निदान एकदाच मान कापतो, इथं रोज थोडी थोडी. माझा नंबर त्या पत्र्यांखाली गेला तो गेलाच.

मी मात्र एका गोष्टीवर अडून बसले. संडास दोन हवेत, त्यातला एक आमच्या खोलीला लागून, बसायला कमोड. काम बघणारे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, भायर एक पुरे." म्हटलं, "मग भायर तुम्ही जावा."

गणपतीला राहायला गेलो. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, आतून कडी, बाहेर दार बडवणारं कुणी नाही. आत बसून मी रडले. खरंच रडले. इतकं बरं वाटलं.

विसर्जन झालं, कुलूप लावलं, परत आलो. मुलाची नोकरी इथं, सासूबाईंचे डॉक्टर इथं. गावात राहतंय कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन रांगेत उभी राहिले. पुढे शेजारीण. वळून म्हणाली, "काय वहिनी, गावाला बंगला बांधलात म्हणे! संडास किती?"

"दोन," मी म्हटलं. "एक अटॅच्ड."

"वा!" ती म्हणाली. "जरा मागे सरका, माझ्या सासूचा नंबर आहे मध्ये."